बटणांचे वैरी

आमच्या साडभाऊंइतका विजेच्या बटणांचा द्वेष करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो विजेच्याच धंद्यात खचितच नसेल. साडभाऊ आहेत. साडभाऊ म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडूला कोरडं साडू म्हणायची पद्धत नाही, पुढे भाऊ जोडतात, आणि एकदा भाऊ जोडला की मग काही बोलायची सोय उरत नाही. धामणगाव बढ्याला बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतली जळालेली प्रत्येक मोटर एकदा तरी त्यांच्या पायाशी येऊन पडलेली आहे. त्यांच्या अंगाला व्हार्निशचा वास येतो, तो लग्नातल्या अत्तरालाही दाद देत नाही.

हे गृहस्थ बुलढाण्याला आमच्या घरी आले की आधी खुर्चीकडे बघत नाहीत, चहाकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतात. नको त्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे आपण बघतो ना, तसे. मग मला विचारतात, "साडभाऊ, ह्या बोर्डावर सहा बटनं हायेत. पंख्याचं कोणतं?" मी मोठ्या आत्मविश्वासाने एक बटण दाबतो, बाहेरची घंटा वाजते. दुसरं दाबतो, न्हाणीतला दिवा लागतो. तिसऱ्याला काहीच होत नाही. साडभाऊ समाधानाने बसतात. "सोळा वर्षं झाले तुमाले ह्या घरात. तरी बी वयख नाही. बटन कोणाचंच नसते." इतका वेळ पंखा बंदच असतो, आणि तो शेवटी माझी बायको येऊन लावते.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं चालू असताना साडभाऊ मांडवाच्या मागे गेले, तिथला उघडा बोर्ड त्यांना पाहवेना, आणि त्यांनी तो तिथल्या तिथे नीट करायला घेतला. त्यांचा एक नियम आहे, आधी लाईन बंद, मग हात. त्यांनी नियम पाळला. शेवटची दोन मंगलाष्टकं अंधारात झाली, अक्षता कोणाच्या डोक्यावर पडल्या ते देव जाणे. नवरीच्या मामांनी जाब विचारला तेव्हा साडभाऊ शांतपणे म्हणाले, "अंधारात लग्न लागलं तं लागलं. उघड्या वायरीपाशी लेकरं खेळून राह्यले होते." मामा आधी लेकरांना तिथून हाकलायला गेले.

आणखी एक खोड सांगतो. गिऱ्हाईक मोटर घेऊन निघालं की हमखास विचारतं, "घरी जाऊन लावली तं काही होनार नाही ना?" कुठलाही मेकॅनिक अशा वेळी म्हणेल, काही नाही होत बे, बिनधास्त लाव. साडभाऊ 'काही नाही होत' हे तीन शब्द उच्चारत नाहीत. ते म्हणतात, "होऊ बी शकते." वडनेर भोलजीचा एक शेतकरी एवढं ऐकून मोटर तिथेच टाकून पळाला होता. मी त्यांना समजावलं, की धंदा म्हणजे थोडा दिलासा द्यावा लागतो. ते पक्कड पुसत राहिले. मी त्याची नोंद विक्षिप्तपणाच्या खात्यात केली. आणि तिथेच मी चुकलो होतो, पण ते पुढे कळलं.

अशा माणसाने एका दुपारी टीव्हीवर एक अंतराळयान पाहिलं. यानातली माणसं हिंदीत बोलत होती, गोष्ट काय होती ते साडभाऊंना आजही सांगता येत नाही, पण त्या यानात एकही बटण नव्हतं. भिंतभर काच होती. काचेवर नारिंगी पट्टे, गोल कडा, पळणारे आकडे, आणि त्या यानातली बाई बोट टेकवून अख्खं यान वळवत होती. साडभाऊंचा मला फोन आला. "साडभाऊ, सापडलं," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, हरवलेली म्हैस सापडली.

पुढच्याच महिन्यात आम्ही सगळे लोणारला गेलो होतो. सरोवराच्या काठावर उभं राहून लोक फोटो काढतात, साडभाऊ आभाळाकडे बघत होते. "आपल्या जिल्ह्यात वरून पाहुना येऊन गेलेला हाये," ते म्हणाले. "मंग आपल्याच घरात यान असलं तं लोकं हसतात काऊन?" तोवर कोणीही हसलेलं नव्हतं. त्यानंतर मात्र सगळेच हसले.

त्यांनी मोठ्या शहरातल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा टचस्क्रीन मिळवला, दाराच्या फळीएवढा. तो गोधडीत गुंडाळून एसटीने मांडीवर आणला. कंडक्टरने विचारलं तर म्हणाले, काच हाये, नातीसारखी धरा. मग दुकानात रिकाम्या वेळी शाळेच्या आलेखवहीत पॅनलची चित्रं सुरू झाली. खडूंच्या पेटीतला नारिंगी खडू आधी संपला. फोनवरचे व्हिडिओ पाहून पाहून हा दहावीपर्यंत शिकलेला माणूस स्क्रीनला काय काय सांगायचं ते शिकला. मोटर, दिवे, पंखे, गोठ्यातला बल्ब, सगळ्याच्या तारा त्याने एका पेटीत आणून सोडल्या, आणि ती पेटी काचेच्या हुकमात दिली. काचेत मात्र तारेतली वीज येणार नाही याची व्यवस्था त्याने इतक्या वेळा तपासली, की ती नुसती काळजी नाही, भीती आहे असं मला वाटलं. भीती कसली, ते मला तेव्हा उमजलं नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो, तेव्हा नावं देण्याचं काम माझ्याकडे आलं. यानाला शोभतील अशीच पाहिजेत, असा हुकूम होता. मीही चेकाळलो. स्वयंपाकघराला मी ऊर्जाकक्ष केलं, गच्चीवरच्या टाकीला जलभांडार, बोअरच्या मोटरला मुख्य इंजिन, आणि म्हशीच्या गोठ्याला पश्चिम दालन. पॅनल तयार झालं तेव्हा मी तोंडात बोट घातलं. नारिंगी आणि जांभळे पट्टे, शंभरेक चौकोन, आणि उजव्या कोपऱ्यात सारखा बदलणारा एक पाच आकडी आकडा. तीन आठवडे मी तो व्होल्टेज समजून गंभीरपणे वाचत होतो. शेवटी विचारलं.

"तो? तो काही नाही. नुस्ता बदलते," साडभाऊ म्हणाले.

"मग ठेवला कशाला?"

"अर्धं समजलं पाह्यजे अन् अर्धं नाही समजलं पाह्यजे. सगळंच समजलं तं मशीनीचा मान राहत नाही."

बोट लावलं की जो पिप आवाज येई, तो त्यांनी स्टीलच्या डब्यावर पाना आपटून काढलेला होता. धोक्याच्या सूचनेला त्यांचा स्वतःचा आवाज होता, दुकानात वायंडिंगचं यंत्र चालू ठेवून भरलेला: "सावधान! सावधान! यानात बिघाड!" तो ऐकून पश्चिम दालनातली म्हैस पहिल्या दिवशी दूधच देईना.

आणि मग उद्घाटनाचा दिवस आला. आम्हाला जेवायचं आमंत्रण होतं, वांग्याची भाजी आणि रोडगे. भिंतींवरचे जुने बोर्ड सगळे काढलेले, पडवीतला एकच तेवढा राहिला होता, कारण ताईंनी तो काढू दिला नव्हता. ताई म्हणजे माझ्या मेव्हणी, साडभाऊंच्या घरच्या. बोलायला मऊ आणि ठरवलं की पहाड. साडभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. ते काचेच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "पहिलं बोट तुमीच लावा."

ताई आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. मला हे नवं नव्हतं. ताई कुठलंही बटण लाटण्यानेच दाबत, वर्षानुवर्षं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा तसं घरात त्यांच्या हाताशी लाटणं असे, आणि आम्ही सगळे त्यावरून त्यांना चिडवत असू. त्यांनी लाटण्याचं टोक अलगद काचेला टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. उजव्या कोपऱ्यातला आकडा तेवढा बदलत राहिला.

"बोट लावा ना," साडभाऊ म्हणाले. "लाकूड नाही वयखत हे. मानसाचं बोटच वयखते."

"बोट मी नाही लावत," ताई म्हणाल्या. रागाने नाही, आज कोणता वार ते सांगावं तसं. आणि पडवीत जाऊन त्यांनी जुन्या बोर्डावरचं बटण लाटण्याने दाबलं. दिवा लागला. त्या उजेडात आम्ही रोडगे खाल्ले.

साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. दोन वर्षं खपून त्यांनी सगळ्याचा विचार केला होता, पण ज्या लाकडावर त्यांच्या बायकोचा भरवसा होता, नेमकं तेच त्या काचेला कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी उपाय काढला होता. लाटण्याच्या टोकापासून मुठीपर्यंत तांब्याची तार गुंडाळली, म्हणजे काचेला वाटेल बोटच आलं. ताईंनी ते लाटणं लांबूनच पाहिलं. "तांब्याची तार बांधलेलं लाटनं मी हाती धरू? मले?" त्या म्हणाल्या. तार सुटली, लाटणं धुऊन पोळ्यांच्या कामी परत गेलं.

मला हसू आवरेना. परतीच्या एसटीत मी बायकोला दोघांची नक्कल करून दाखवत होतो. ती हसली नाही. मोताळा मागे पडल्यावर म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही का हो? ताईला शॉक बसला होता."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट होती, आणि एवढी वर्षं मला कोणी ती सांगितली नव्हती, कारण त्या घरात ती कोणी काढतच नसे. पावसाळ्याचे दिवस. टाकी रिकामी. साडभाऊ वडनेर भोलजीला कोणाची तरी मोटर बसवायला गेलेले. बोअरच्या स्टार्टरचं झाकण त्यांनी दुरुस्तीला काढलं होतं आणि लावायचं राहिलं होतं. ताईंनी फोन करून विचारलं, "हात ओले हायेत, अंगनात पानी हाये, मोटर लावू का?" साडभाऊ घाईत होते. म्हणाले, "हिरवं बटन दाबा. काही नाही होत."

ताई चार हात लांब जाऊन पडल्या होत्या. पंधरा दिवस अंथरुणात होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना पुढे कित्येक महिने थंड-गरम कळत नव्हतं. साऱ्या तालुक्याच्या मोटरी नीट करणाऱ्या माणसाची बायको त्याच्या स्वतःच्या अंगणात, त्याच्या स्वतःच्या शब्दावर भरवसा ठेवून पडली. त्यावर दोघांमध्ये कधी एक अक्षर बोलणं झालं नाही. ताईंनी लाटणं धरलं, साडभाऊंनी ते तीन शब्द सोडले. मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो. ते यान कोणासाठी बांधलं होतं ते मला कळलं, आणि केलेल्या नकलेची लाज वाटली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा असते, आणि साडभाऊंकडे हा मान ताईंचा. वायंडिंगचं यंत्र, पाने, पक्कड, टेस्टर, विळे, शिलाई मशीन, मोटरसायकल, ज्याने घर चालतं त्या प्रत्येकाला ताईंच्या हातची हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल मिळालंच पाहिजे. आम्ही दोघं दसऱ्याला म्हणून आदल्या दिवशीच गेलो होतो. साडभाऊ बाहेर मोटरसायकलला हार बांधत होते, नेमके गच्चीवरून येणाऱ्या पाइपाच्या खाली. ताई हातात ताट घेऊन एकेका वस्तूपुढे थांबत, पुटपुटत आत आल्या. मी खुर्चीत होतो. त्या पॅनलपुढे थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि वाटीतल्या ओल्या हळदीत बोट बुडवलं.

मी ओरडायला हवं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पूजेत असलेल्या बाईला थांबवायची माझी छाती झाली नाही. त्यांच्या ध्यानातच नव्हतं की ही विजेची वस्तू आहे. त्यांच्या लेखी ते घरातलं एक अवजार होतं आणि त्याची पूजा राहून चालणार नव्हतं. त्यांनी हळदीचं पहिलं बोट टेकवलं. पिप. दुसरं. पिप. अशी पाच बोटं लावली, वर कुंकवाची पाच, आणि यान सुटलं.

मुख्य इंजिन घरघरलं. जलभांडार सकाळीच काठोकाठ भरलेलं होतं, ते गच्चीवरच्या पाइपातून सरळ मोटरसायकलवर आणि साडभाऊंवर कोसळलं. घरातले सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले, ताटातला झेंडू उडाला, पश्चिम दालनात दिवा लागला-विझला, लागला-विझला, म्हशीने दावं तोडलं. ओली हळद काचेवरून ओघळत खाली चालली होती, आणि तो ओघळ वाटेत जो चौकोन लागेल तो दाबत होता. या सगळ्यावर साडभाऊंचा भरघोस आवाज, "सावधान! सावधान! यानात बिघाड!" शेजारच्या दोन बाया कुंपणावरून विचारत होत्या, कोण वारलं म्हणून.

साडभाऊ नखशिखान्त भिजून आत धावले. त्यांना वाटलं असेल पॅनल जळालं. मग त्यांना ताईंचं पिवळं बोट दिसलं, काचेला टेकलेलं. त्यांनी पॅनलकडे पाहिलं नाही, पंख्यांकडे पाहिलं नाही. सरळ जाऊन ताईंचा हात धरला, आमच्या सगळ्यांसमोर. धामणगावात नवराबायको असे कोणासमोर हात धरत नाहीत. "लागलं का? बोटं पाहू. बोटं हालवा," ते म्हणत होते.

ताईंनी बोटं हलवली. मग हात सोडवून घेतला, काचेकडे पाहिलं, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, पुन्हा बोट टेकवलं. पिप. एक पंखा थांबला.

"याच्यात तं करंटच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," साडभाऊ म्हणाले. "म्हून तं बनोलं."

एवढंच. अकरा वर्षांचं बोलणं तिथे झालं. मग ताईंना आठवण झाली की म्हैस सुटली आहे, आणि आम्ही सगळे म्हशीमागे धावलो.

त्यानंतर साडभाऊंनी पॅनल नव्याने काढलं. माझी सगळी संस्कृत नावं गेली, त्याचं मला थोडं वाईट वाटलं. आता काचेवर फक्त पाच गोल आहेत, कुंकवाच्या रंगाचे, ताईंची पाच बोटं जिथे टेकली होती नेमके तिथे. तो हळदीचा डाग त्यांनी पुसण्याआधी आलेखवहीत मोजून उतरवून घेतला होता. उजव्या कोपऱ्यातला आकडा मात्र आहे. "तो राहू द्या, मान पाह्यजे ना," असं म्हणाले. रोज दिवेलागणीला ताई देवाला दिवा लावतात आणि त्याच बोटाने पहिल्या गोलाला टेकतात. त्या वेळेला साडभाऊ, दुकानात कितीही गर्दी असो, घरी येऊन समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. बघतात आणि परत जातात. गिऱ्हाइकं थांबतात, त्यांना सवय झाली आहे.

परवा आम्ही गेलो तेव्हा साडभाऊंनी पॅनल खोलून ठेवलं होतं. काही सुधारणा चालली होती, सगळे स्क्रू वाटीत, काच काळी. बोलण्यात संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. घरात अंधारलं. ताई पोळ्या लाटत होत्या, त्या पीठ पुसत बाहेर आल्या, काळ्या काचेकडे पाहिलं आणि पडवीत गेल्या. लाटणं पोळपाटावरच राहिलं होतं. जुन्या बोर्डापुढे त्या क्षणभर थांबल्या. मग हात पदराला नीट कोरडा केला आणि बोट पुढे केलं.

साडभाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

ताईंनी मागे वळून पाहिलंही नाही. "बसा," त्या म्हणाल्या. "काही नाही होत."

दिवा लागला. ताई पोळ्यांकडे परत गेल्या. साडभाऊ तसेच, ना उभे ना बसलेले, त्या बोर्डाकडे बघत राहिले.  मग ते खाली बसले आणि वाटीतले स्क्रू उगाच बोटाने फिरवत म्हणाले, "साडभाऊ, ते एक बटन राहू देतो."